शेजारची कविता विलायतमार्गे

केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. त्याचा आनंद साहजिकच होता. त्या आनंदात एक साधा प्रश्न मात्र मागे राहिला. शेजारच्या भाषांतील आजची कविता मराठीत किती येते, आणि येते ती कोणत्या वाटेने?

मराठीतील जाणता वाचक नेरुदा, लोर्का, रिल्के ही नावे सहज घेतो. नीलमणी फुकन हे नाव मात्र २०२० सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना जाहीर होईपर्यंत किती मराठी घरांना ठाऊक होते? वास्तविक या असमिया कवीने स्वतः लोर्काची आणि जपानी कवींची कविता आपल्या भाषेत नेली होती. स्पेन गुवाहाटीस पोहोचला. गुवाहाटी पुण्यास पोहोचायची राहिली.

मधली भाषा नकोच, असे कोणी म्हणणार नाही. इंग्रजीवाचून लोर्काही मराठी वाचकाला क्वचितच भेटला असता. परंतु घरातल्या घरात बोलण्यासाठीही दुभाष्या लागावा, ही अवस्था भूषणावह नाही.

दिलीप चित्रे यांनी तुकोबांच्या अभंगांचा इंग्रजी अनुवाद १९९१ साली ‘सेज तुका’ या नावाने प्रसिद्ध केला. १९९४ मध्ये साहित्य अकादमीने त्यांच्या मराठी कवितेचा आणि या अनुवादाचा एकाच वर्षी गौरव केला. आयुष्यभराच्या तपश्चर्येचे ते फळ होते. तरीही एक अडचण उरतेच, आणि ती अनुवादकाच्या कुवतीची नव्हे. विटेवर उभ्या असलेल्या देवाला ‘माउली’ म्हणताना मराठी माणसाला काहीच खटकत नाही. वारीत तर शेजारून चालणारा अनोळखी माणूसही माउलीच असतो. इंग्रजीत या एका शब्दाला टीप जोडावी लागते, आणि टीप आली की अभंग थबकतो. कानडीत विठ्ठलाची ओळख करून देण्याची गरजच नाही. पुरंदरदासांच्या पदांवर ‘पुरंदर विठ्ठल’ अशीच मुद्रा आहे.

कानडीचे थोर कवी द. रा. बेंद्रे मराठी बोलणाऱ्या घरात जन्मले, सोलापुरात प्राध्यापक होते आणि मराठीतही लिहीत. १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना कानडी कवितेसाठी मिळाले. इतका जवळचा कवी मराठी वाचकाला आज केवळ नावाने ठाऊक असावा, याचा दोष अंतराला देता येणार नाही.

अरुण कोलटकरांचे उदाहरण आणखी बोलके आहे. त्यांच्या इंग्रजी ‘जेजुरी’ला १९७७ साली राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. त्या कवितेतील पाहुण्याच्या नजरेवर भालचंद्र नेमाडे यांनी कठोर टीका केली होती. तो वाद येथे बाजूस ठेवू. परंतु ‘भिजकी वही’ हा त्यांचा २००३ चा मराठी संग्रह, ज्याला २००५ साली मरणोत्तर अकादमी पुरस्कार लाभला, तो मराठीबाहेर ‘जेजुरी’इतका पोहोचलेला नाही.

अनुवादक आणायचे कोठून? सोलापूर, अक्कलकोट, जत, देगलूर येथे दोन-दोन भाषा बोलणारी घरे आजही आहेत. त्या घरांतील नातवंडे इंग्रजी शाळेत जातात आणि आजीची कानडी वा तेलुगू स्वयंपाकघरापुरती उरते. दिवाळी अंकांच्या संपादकांनी कवितेच्या विभागातील चार पाने अशा तरुणांच्या थेट अनुवादासाठी राखावीत, अनुवादकाचे नाव कवीच्या बरोबरीने छापावे आणि मानधनही कवीइतकेच द्यावे.