मद्यार्काविना औषधी अर्क : सिरका आणि मधाची सिकंजबीन

टिंक्चर म्हटले की आपल्याला जखमेवर लावायचे, झोंबणारे टिंक्चर आयोडीन आठवते. पण पाने, मुळ्या, साली मद्यार्कात दोन-चार आठवडे भिजवून गाळलेल्या द्रवालाही टिंक्चरच म्हणतात. तुळशीचे, आल्याचे, अडुळशाचे टिंक्चर घरी बनवण्याची कृती वाचून काही भगिनी आम्हाला विचारतात, "यात दारू घालायला सांगितली आहे, मग आपण काय करायचे?"

आमचे उत्तर सरळ आहे. घरी हौसेने बनवायच्या वस्तूत मद्यार्क घालण्याची गरजच काय? तशी निकड नाही आणि आपल्याकडे दुसरा मार्ग जुना आहे. त्यातच कोणी स्वयंपाकघरात सर्जिकल स्पिरिट किंवा हात धुण्याचे सॅनिटायझर वापरू पाहील, तर ते विषच आहे. ते पोटात जाता कामा नये.

जुना मार्ग म्हणजे सिकंजबीन. फारसीत सिरका आणि अंगबीन, म्हणजे मध, या दोन शब्दांतून हे नाव झाले. इब्न सीना यांच्या 'अल-कानून'मध्ये तिचा उल्लेख आहे आणि युनानी हकीम आजही ती देतात. सिरक्याला पैगंबर मुहम्मद (स.) यांनी उत्तम सालन म्हटले आहे, हे आपल्या घरांत लहान मुलांनाही ठाऊक असते.

सिरका घेताना बाटलीवरची बारीक अक्षरे वाचा. 'सिंथेटिक' लिहिलेला सिरका म्हणजे पाण्यात मिसळलेले अॅसिटिक आम्ल. तो लोणच्याला चालेल, इथे नको. उसाचा, जांभळाचा किंवा सफरचंदाचा आंबवून केलेला घ्या. द्राक्षाच्या दारूपासून केलेल्या सिरक्याबाबत मात्र फिकहमध्ये मतभेद आहेत. दारू आपोआप सिरका झाली तर तो पाक, यावर सर्वांचे एकमत आहे. मुद्दाम काही घालून बनवला तर हनफी मत त्याला परवानगी देते, शाफई मत देत नाही. कोकणातील आपली बहुतेक घरे शाफई आणि देशावरची हनफी, त्यामुळे एकाच लग्नघरात दोन उत्तरे मिळू शकतात. उसाचा सिरका आणला की द्राक्षाच्या दारूचा प्रश्न उरत नाही.

आता कृती. सुमारे १०० ग्रॅम आले धुऊन, पुसून पातळ चकत्या करा. मूठभर पुदिना धुऊन सावलीत पूर्ण वाळवा; पाण्याचा अंश राहिला तर सिरका पातळ होतो आणि बुरशी धरते. दोन्ही काचेच्या कोरड्या बरणीत घालून वरून २५० मिली सिरका ओता. सगळे बुडलेले हवे. पत्र्याचे झाकण सिरक्याने गंजते, म्हणून मध्ये प्लास्टिकचा तुकडा ठेवा किंवा प्लास्टिकचेच झाकण लावा. दोन आठवडे अंधाऱ्या कपाटात ठेवा, रोज एकदा हलवा. मग मलमलने गाळून, जेवढा द्रव निघेल तेवढाच मध मिसळा. बाटलीवर नाव व तारीख लिहून फ्रिजमध्ये ठेवा. एक-दोन चमचे ग्लासभर पाण्यातच घ्यायचे, नुसते नाही. सिरक्याने दातांचे आवरण झिजते, म्हणून नंतर चूळ भरावी.

हे सर्वच वनस्पतींना लागू नाही. अडुळशातील वासिसीन हे आम्लात चांगले उतरते. हळदीतील पिवळा घटक मात्र पाण्यात आणि सिरक्यात जवळजवळ उतरतच नाही. हळद दुधात, तीही साय असलेल्या दुधात, घेण्याची आपल्या आजीची पद्धत म्हणूनच बरोबर आहे. मद्यार्क रेझिनही ओढून घेतो, सिरक्याला ते जमत नाही. म्हणजे सिकंजबीन टिंक्चरपेक्षा सौम्य राहणार, हे मान्य करूनच ती घ्यावी. खोकला, पोट फुगणे, उन्हाळ्यातली मरगळ, यासाठी ती पुरे.

अडुळसा गर्भवती भगिनींनी अजिबात घेऊ नये. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू असतील तर रोज आले घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल तर मधाचा हिशेब करावा लागतो, आणि अॅसिडिटीचा त्रास असणाऱ्यांना सिरका मानवत नाही. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नका, थेंबभरही नको. त्यातील जिवाणूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. तहनीकला खजूर आहेच.

आणखी एक, आणि हे आम्हाला सर्वात महत्त्वाचे वाटते. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या सिरपमध्ये किंवा होमिओपॅथीच्या थेंबांत मद्यार्क आहे असे कळले, म्हणून आजारी मुलाचे औषध परस्पर बंद करून सिकंजबीन देऊ नका. मद्यार्क नसलेला पर्याय आहे का, हे आधी डॉक्टरांना विचारा, बऱ्याचदा असतो. नसल्यास आपल्या आलिमांना विचारा, पण डोस चुकवून वाट पाहू नका.