निकष कोणाचा?

आमच्या विभागाच्या वाङ्मयीन नियतकालिकाचे संकेतस्थळ आहे. त्याच्या आढावा बैठकीत एका सदस्यांनी पडद्यावर एक तक्ता दाखवला आणि दीर्घ समीक्षालेख थांबवून त्यांच्या जागी छोट्या वार्ता द्याव्यात, असे सुचवले. कारण एकच : दीर्घ लेखांवर वाचक थांबत नाही. तक्ता गूगल अ‍ॅनालिटिक्सचा होता, म्हणून कोणी हरकत घेतली नाही. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. आकड्यांपुढे गप्प बसण्याची आमची सवय जुनी आहे.

घरी येऊन तक्ता नीट वाचला, एखादी संहिता वाचावी तसा. त्यात जुन्या आणि नव्या काळातील ‘बाउन्स रेट’ शेजारीशेजारी मांडला होता. मात्र १ जुलै २०२३ रोजी जुनी प्रणाली (युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स) बंद होऊन तिची जागा जीए-४ ने घेतली, तेव्हा शब्द तोच राहिला आणि अर्थ बदलला. जुन्या व्याख्येत एकच पान पाहून गेलेला वाचक ‘बाउन्स’ ठरे. त्याने अर्धा तास लेख वाचला असला, तरी वेळ शून्यच नोंदला जाई. कारण वेळ मोजायचा तो दोन नोंदींमधील अंतराने, आणि दुसरी नोंद झालेलीच नसे. नव्या व्याख्येत १० सेकंदांहून अधिक थांबलेला प्रत्येक जण ‘गुंतलेला’ मानला जातो. म्हणजे काल अर्धा तास वाचणारा पळपुटा ठरत होता आणि आज अकरा सेकंद रेंगाळणारा रसिक! अर्थपरिवर्तनाची उदाहरणे वर्गात देताना हे उदाहरण आम्हाला सुचले नव्हते.

तयार अहवाल हा दुसऱ्या कोणाच्या तरी प्रश्नाचे उत्तर असतो, आणि हा ‘दुसरा’ बहुधा दुकानदार असतो. गिऱ्हाईक कोठून आले, कोठून निसटले, हे त्याला हवे असते. आपला प्रश्न वेगळा असेल तर अहवाल आपणच रचला पाहिजे. जीए-४ मधील ‘एक्सप्लोरेशन’ या विभागात ते करता येते. ‘डायमेन्शन’ म्हणजे कशानुसार वर्गवारी करायची आणि ‘मेट्रिक’ म्हणजे काय मोजायचे, एवढे ठरवून ओळी, स्तंभ आणि गाळण्या मांडायच्या. ग्रंथालयातील कार्डे लावण्याहून हे काम अवघड नाही. अवघड आहे तो प्रश्न. ‘निकष’ या शब्दाचा मूळ अर्थ सोने घासून पाहण्याचा दगड. पण काय घासायचे हे दगड सांगत नाही.

आम्ही ओळींत पाने घेतली, ‘स्क्रोल’ ही घटना गाळून घेतली आणि नवे व परतणारे वाचक वेगळे केले. ही घटना पानाच्या ९० टक्के खोलीपर्यंत पोहोचल्यावर नोंदली जाते. बोटाच्या एका फटकाऱ्यानेही तळ गाठता येतो, हे मान्य. तरीही दीर्घ लेखांकडे परत येणारे वाचक वेगळे दिसू लागले. ते थोडे होते, पण होते. आमचे जुने अंक पीडीएफ स्वरूपात आहेत. तेथे यंत्राला फाइल उतरवून घेतल्याची नोंद मिळते, वाचनाची नाही. आणि एखाद्या शिक्षकाने लेख छापून साठ मुलांपुढे वाचला, तर यंत्राच्या लेखी वाचक एक. असो.

खरी अडचण पुढेच होती. यंत्राला शहर कळते, फोन कळतो. साहित्यप्रकार कळत नाही. त्यासाठी प्रत्येक पानासोबत ‘प्रकार’ हे मूल्य पाठवून त्याची ‘कस्टम डायमेन्शन’ म्हणून नोंद करावी लागते. ती नोंद झाल्यापुढचेच दिसते, मागचे नाही. शिवाय एक्सप्लोरेशनसाठी तपशील जपण्याची मूळ मुदत केवळ २ महिने असते. मोफत आवृत्तीत ती फार तर १४ महिने करता येते. हे आम्ही उशिरा पाहिले. वर्षाची तुलना हातची गेली.

पुढील बैठकीपर्यंत दीर्घ लेख चालू ठेवण्याचे ठरले आहे. मधल्या काळात आम्ही प्रकारांची यादी करायला बसलो : कविता, कथा, समीक्षा, ललित. पहिल्याच संध्याकाळी एका लेखावर अडलो. एक म्हणतो आत्मपर ललित, दुसरी म्हणते समीक्षाच. रकाना एकच आहे, आणि तो अजून रिकामा आहे.