पिशवीवर तारीख लिहा

मागच्या महिन्यात मगरिबनंतर आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. मंद्रूपमध्ये त्याने हीट प्रेस टाकली आहे. सोलापुरातून छापील डीटीएफ स्टिकर आणायचे आणि टी-शर्टवर दाबून द्यायचे, हा त्याचा धंदा.

"सर, क्रिकेट टीमला बारा शर्ट दिले. तिघांची अक्षरं दोन धुण्यांत सुटली. मशीन बिघडली का?"

मशीन ठीक होती. स्टिकर मात्र गेल्या वर्षीचे उरलेले, पत्र्याच्या माळ्यावर ठेवलेले. सोलापूरच्या छापणाऱ्याला फोन केला, तेव्हा उलगडा झाला. या प्लास्टिक फिल्मवर शाईमागे गोंदाची भुकटी वितळवलेली असते. साधारण 150 ते 160 अंशांवर दहा-पंधरा सेकंद दाबली की ती कापडाला धरते. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याखाली गोंद चिकटू लागतो. मग पावसाळ्यात तो ओल धरतो. नीट ठेवलेले स्टिकर सहा महिने ते वर्षभर टिकतात, असे ठेवलेले त्याआधीच जातात.

मुलाने हळूच विचारले, "गरम पाण्यात धुतलं म्हणून सांगू का? बाकी नऊ जणांना अजून कळलेलंही नाही."

आम्ही त्याला बाजारातली ती हकिकत सांगितली. रसूलुल्लाह (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तर आत ओल लागली. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजले. तेव्हा आपण त्याला विचारले, मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते! आपल्या स्टिकरमध्येही ओलच होती.

दुसऱ्या दिवशी तो बाराही जणांकडे गेला आणि सगळे शर्ट नव्याने करून दिले. महिन्याची कमाई गेली. टीमने पुढची ऑर्डर मात्र त्यालाच दिली.

घरून हा धंदा करणाऱ्या आमच्या भगिनींनी एवढे करावे: स्टिकर सपाट, बंद पिशवीत, ओल शोषणाऱ्या सिलिका पुड्यांसह खालच्या कपाटात ठेवावेत, ऊन लागू देऊ नये. पिशवीवर तारीख लिहावी, जुने आधी वापरावेत. उरलेला माल वापरण्याआधी एक स्टिकर जुन्या कापडावर दाबून, दुसऱ्या दिवशी धुऊन पाहावा. सुटला, तर बाकीचे टाकून द्यावेत. नुकसान तेवढ्यावर भागते. गेलेला भरवसा परत आणणे अवघड.