हद्द तीच, भिंत कोणाची?

माझी सारी नोकरी भूकरमापक म्हणून गेली. शिवेवर उभं राहून हद्दीचे दगड शोधायचे, नकाशाशी ताडून पाहायचे, हलले असतील तर पुन्हा जागेवर रोवायचे. त्यामुळे जर्मनीच्या फाळणीचा विषय निघून सगळे बर्लिनबद्दल बोलू लागले, की मी आवर्जून म्योडलारॉइटचं नाव घेतो. जेमतेम पन्नासेक माणसांचं हे गाव आहे, पण हद्द म्हणजे काय आणि काय नव्हे, हे ते बर्लिनपेक्षा स्पष्ट दाखवतं.

बव्हेरियाच्या ईशान्य टोकाला, होफ शहराच्या उत्तरेला हे गाव आहे. मधून टानबाख नावाचा ओढा वाहतो, उडी मारून ओलांडता येईल एवढाच. १८१० साली त्याच्या कडेने हद्दीचे दगड बसवले गेले. एकीकडे बव्हेरियाचं राज्य, दुसरीकडे रॉइस घराण्याचं छोटं संस्थान. पुढे संस्थान गेलं, त्याचा मुलूख थुरिंगियात आला, दगड होते तिथेच राहिले. गावाचं त्यामुळे काहीच अडलं नाही. शाळा थुरिंगियाच्या बाजूला, संध्याकाळी बिअर प्यायला बसायची जागाही तिकडेच, आणि चर्चला जायचं तर बव्हेरियातल्या ट्योपेनला. कचेऱ्या दोन, गाव एक, असं हे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ सुरळीत चाललं.

दुसऱ्या महायुद्धानंतर थुरिंगिया सोव्हिएत ताब्यात गेला, बव्हेरिया अमेरिकनांच्या. १९४९मध्ये दोन देश झाले आणि ओढा आंतरराष्ट्रीय सीमा ठरला. तरीही काही काळ परवाना दाखवून पलीकडे जाता येत होतं. मे १९५२मध्ये पूर्व जर्मनीने तेही बंद केलं. सीमेलगत दहा मीटरचा पट्टा मोकळा करायचा, पाचशे मीटरच्या पट्ट्यावर कडक पहारा, पाच किलोमीटरच्या आत बाहेरच्या माणसाला परवानगीशिवाय पाऊल ठेवता येणार नाही. सीमाभागातली जी कुटुंबं सरकारला भरवशाची वाटली नाहीत, त्यांना घरातून उठवून दूर नेऊन टाकलं. सीमेच्या पूर्ण लांबीवर १९५२ आणि १९६१ या दोन खेपांत अशी अकरा हजारांहून अधिक माणसं गेली.

म्योडलारॉइटमध्ये आधी फळ्यांचं कुंपण आलं, मग काटेरी तारा, आणि १९६६मध्ये सुमारे सातशे मीटर लांब, तीन मीटरहून उंच काँक्रीटची भिंत. अमेरिकन सैनिक गावाला ‘छोटं बर्लिन’ म्हणू लागले. पश्चिमेकडून लोक भिंत पाहायला येत. पूर्वेकडच्या माणसाला मात्र ओढ्यापलीकडच्या सख्ख्या नातलगाकडे पाहून हात हलवायचीही मनाई होती.

रेषा १८१०चीच होती. नोकरीत मला शेतकरी म्हणत, “साहेब, एकदा पक्कं कुंपण घालून द्या, म्हणजे कटकट मिटेल.” मला ते कधीच पटलं नाही. हद्द नीट मोजलेली असावी, तिचा दगड कोणी हलवू नये, यासाठी मी भांडलो आहे. पण कोणाची जमीन कुठे संपते, एवढं सांगितलं की दगडाचं काम संपलं. माणसाने कुठे जावं, कोणाशी बोलावं, हे सांगणारी भिंत ही वेगळीच गोष्ट आहे आणि तिची जबाबदारी ती उभारणाऱ्या सत्तेची आहे. ‘हद्द आली की भिंत आलीच’ म्हणणाऱ्यांनी या गावाची १९४५पूर्वीची वर्षं पाहावीत.

९ डिसेंबर १९८९ रोजी, बर्लिनची भिंत उघडल्यावर बरोबर महिन्याने, इथे पायी जायला वाट झाली. जून १९९०मध्ये भिंत पाडली, शंभरेक मीटर मुद्दाम ठेवली आणि तिथे संग्रहालय उभं केलं. हे योग्यच झालं, कारण पुढच्या पिढीला त्या भिंतीची उंची वाचून कळणार नाही. गाव आजही दोन राज्यांत आहे, पिनकोड दोन, गाड्यांच्या नंबरपाट्याही वेगळ्या. ते कोणाला खुपत नाही आणि खुपायचं कारणही नाही.

मला खुपतं ते जमिनीचं. भिंतीसाठी आणि पहाऱ्याच्या पट्ट्यासाठी पूर्व जर्मनीने लोकांच्या जमिनी काढून घेतल्या होत्या. एकीकरणानंतर त्या संघराज्य सरकारकडे आल्या. १९९६च्या कायद्याने मूळ मालकांना आणि वारसांना त्या परत मिळण्याची सोय केली, पण बाजारभावाच्या पंचवीस टक्के रक्कम भरून. स्वतःच्या बापजाद्यांची, जबरदस्तीने गेलेली जमीन पैसे भरून सोडवायची! जर्मनीने स्वतःच्या इतिहासाशी जितक्या प्रामाणिकपणे हिशेब केला, तितका फार थोड्या देशांनी केला असेल. म्हणूनच ही पंचवीस टक्क्यांची अट तिला शोभत नाही. ज्यांनी ती रक्कम भरली, त्यांना ती परत द्यायला हवी.