शिळा आकडा आणि चढती नदी

वैनगंगेच्या एका तीरावर चंद्रपूर जिल्हा आणि दुसऱ्या तीरावर १९८२ साली त्यातूनच वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा. पावसाळ्यात दोन्ही तीरांवरच्या माणसाला एकच प्रश्न पुनःपुन्हा पडतो : आज नदी ओलांडावी की नाही? वरच्या अंगाला गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की काही तासांनी खालच्या गावांत पाणी चढते. ऑगस्ट २०२० अखेरच्या पुराने ब्रह्मपुरी तालुक्याला याचा कटू अनुभव दिला. दक्षिणेकडे भामरागडला तर पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेले की बाहेरच्या जगाशी संबंधच तुटतो.

या प्रश्नाचे उत्तर आता पुष्कळजण मोबाइलच्या मुखपृष्ठावर शोधतात. अ‍ॅप न उघडताच पाऊस वा पाणीपातळी दाखवणारी ही छोटी चौकट म्हणजे विजेट. शाळेला निघालेला शिक्षक तिच्यावर नजर टाकतो आणि पाऊल उचलतो. परंतु समोरचा आकडा या क्षणाचा आहे, हे त्याने गृहीत धरलेले असते. आणि नेमके तेच खरे नसते. ही चौकट एस.टी. स्थानकावरच्या खडूच्या फळ्यासारखी आहे. कोणी येऊन पुसून लिहील तेव्हाच ती बदलते.

लिहिणारा वारंवार का येत नाही, याचे कारण बॅटरीत आहे. अँड्रॉइडची विजेटसाठीची स्वतःची व्यवस्था अर्ध्या तासाच्या आत नवी माहिती मागू देत नाही. पार्श्वभूमीत ठरावीक वेळाने करावयाच्या कामालाही किमान १५ मिनिटांचे अंतर लागते. शिवाय २०१५ पासून, फोन पडून राहिला व पडदा बंद असला, की ही कामे पुढे ढकलली जातात. आयफोनवर तर वारंवार पाहिल्या जाणाऱ्या चौकटीलाही दिवसाकाठी साधारण ४० ते ७० वेळाच ताजे होता येते. या मर्यादांना अन्याय म्हणता येणार नाही. प्रत्येक अ‍ॅपने दर मिनिटाला माहिती मागितली, तर दुपारपर्यंत फोन बंद पडेल. आणि वादळात वीज गेलेल्या गावात बंद फोनाइतका निरुपयोगी दुसरा पदार्थ नाही.

तेव्हा ‘सतत ताजी माहिती’ हे वचनच मुळात फसवे आहे. मागणी करावयाची ती प्रामाणिकपणाची. आकडा केव्हाचा आहे, ती वेळ त्याच्याशेजारी ठळक अक्षरांत असलीच पाहिजे. आणि तो ठरावीक मुदतीपेक्षा जुना झाला, की चौकटीने तो पुसून ‘माहिती जुनी आहे’ असे स्पष्ट सांगावे. रिकामी चौकट माणसाला चौकशी करावयास लावते. शिळा आकडा त्याला निर्धास्तपणे पाण्यात उतरवतो.

दुसरे असे की, संकटाची वार्ता वेळापत्रकावर सोपवता येत नाही. रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकलेल्या मजुरांवर वीज कोसळायला १५ मिनिटे लागत नाहीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेल्या ‘दामिनी’ अ‍ॅपचा हेतू जवळपासच्या विजांचा इशारा देण्याचा आहे, तो याचसाठी. असा इशारा केंद्रातून तातडीचा संदेश म्हणून धाडावा लागतो. फोन कधी विचारील याची वाट पाहून भागत नाही. मनोऱ्याच्या टप्प्यातील सर्व फोनांवर इंटरनेटविना एकदम इशारा पोचवण्याच्या चाचण्याही दूरसंचार विभागाने २०२३ साली घेतल्या आहेत.

अर्थात जेथे मनोराच पोचत नाही, तेथे हे सारे व्यर्थ आहे. अशा जंगलातल्या गावांसाठी कोतवालाची दवंडी कालबाह्य ठरलेली नाही, हे प्रशासनाने विसरू नये. दवंडीत एक गुण होता : ती कानी पडली, म्हणजे ती आत्ताची असे. मोबाइलच्या चौकटीला तो गुण आणता येत नसेल, तर निदान आपले वय तिने लपवू नये.