पोरं घरी आली की ताट वाढा

अमळनेरच्या आयांनो, बाबांनो आणि आजी-आजोबांनो,

शाळा सुटायची वेळ झाली की फाटकाबाहेर रिक्षा, व्हॅन आणि आईबापांच्या दुचाक्यांची एकच गर्दी होते. कुणी बँकेतून आलेलं असतं, कुणी दवाखान्यातून, कुणी दुकान शेजाऱ्याच्या हवाली करून. पोरगं गाडीवर बसायच्या आधीच म्हणतं, ‘माय, भूक लागनी!’ मग वाटेतल्या टपरीवरचं पाच रुपयांचं पाकीट त्याच्या हातात येतं. घरी गेल्यावर चहात बुडवलेला टोस्ट नाहीतर खारी. त्यानंतर क्लास, गृहपाठ, आणि खरं जेवण रात्री नऊला. तोवर भूक मेलेली असते आणि डोळे मिटायला लागलेले असतात. दोन घास खाऊन ते उठतं आणि आपण चारचौघांत सांगतो, आमचं पोरगं जेवतच नाही.

पोरगं जेवतं. आपली वाढायची वेळ चुकते. त्याला संध्याकाळी सहाला भूक लागत असेल, तर सहालाच ताट वाढा. मोठ्यांनी हवं तेव्हा जेवावं, मुलांना मात्र थांबवू नये, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

ही भूक खोटी नसते. सरकारी आणि अनुदानित शाळांत दुपारी पोषण आहार मिळतो. त्याचं ठरलेलं माप पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं असं आहे. वाढत्या मुलाच्या दिवसभराच्या गरजेचा हा साधारण तिसरा हिस्सा. बाकीचं घरूनच मिळायला हवं. दुपारच्या त्या जेवणानंतर वर्ग, खेळ, धावपळ होते आणि संध्याकाळी पोट पुन्हा रिकामं होतं. दिवसातली ही सगळ्यात चांगली भूक आपण पाकिटाला देऊन टाकतो.

चहाचंही तसंच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. जेवणाच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी घेऊ नये, असं त्यांत सांगितलं आहे, कारण चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही. मुलांना संध्याकाळचा चहा देऊच नका. ताट वाढेपर्यंत दम निघत नसेल तर केळं द्या. आपल्या जिल्ह्याइतकं केळं दुसरीकडे कुठे पिकतं? किंवा गूळ-शेंगदाणे द्या. पाच वर्षांखालच्या लेकराला मात्र अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. त्याला दाण्याच्या कुटाचा लाडू द्या.

आता तुम्ही विचाराल, साडेपाचला घरी पोहोचून सहाला स्वयंपाक कसा होणार? निम्मा सकाळीच करून ठेवला तर होतो. सकाळी डबे करताना वरणाची डाळ दुप्पट लावा, कणीक दोन मुठी जास्त मळा, लसूण सोलून ठेवा. वरण निवल्याबरोबर फ्रिजमध्ये गेलं पाहिजे आणि संध्याकाळी ते खळखळून उकळलं पाहिजे. आपल्याकडच्या उन्हात ओट्यावर दिवसभर राहिलेलं वरण किंवा भात मुलांना देऊ नये. नुसतं गरम केल्याने असा भात निर्धोक होत नाही.

पदार्थ शोधायला लांब जायला नको. खान्देशच्या बायकांनी पिढ्यानपिढ्या शेतातून येऊन चूल पेटवली आहे, त्यामुळे झटपट होणारं आणि पोटभरीचं रांधणं आपल्या हाती आहेच.

पहिली खिचडी. मुलांना आणायला निघताना दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी तूरडाळ धुऊन भिजत घाला. आल्यावर लसणाची फोडणी, हळद, मीठ, हाताला लागेल ती भाजी आणि कुकर. मुलांचे हातपाय धुऊन, दप्तरं जागेवर लागेपर्यंत खिचडी तयार. तिखट आत घालूच नका. मोठ्यांच्या ताटात वरून लसूण-मिरचीचं कडकडीत तेल घाला. एकाच कुकरात दोघांचं भागतं.

दुसऱ्या दिवशी चिकोल्या. सकाळचं वरण पातळ करून, फोडणी देऊन उकळी आणा. सकाळच्याच कणकेची पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापा आणि उकळत्या वरणात सोडा. दहा मिनिटांत शिजतात. वर तूप आणि लिंबू. लिंबू विसरू नका, त्याने डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते.

तिसऱ्या दिवशी धिरडी, आणि ती कळण्याच्या पिठाची. चार भाग ज्वारीला एक भाग सालासकट उडीद घालून दळून आणलेलं पीठ घरात असेल, तर निम्मी चिंता मिटते. धान्यातल्या प्रथिनांत जे कमी असतं ते डाळीत असतं, म्हणून ही जोडी एकट्या ज्वारीपेक्षा मुलांना जास्त पोसते. पिठात कांदा, कोथिंबीर, किसलेलं गाजर किंवा गंगाफळ घाला, पाणी घालून सैल करा आणि तव्यावर पसरा. सोबत दही. पहिलं धिरडं तव्यावरून उतरलं की पहिल्या मुलाला वाढा, सगळी होईपर्यंत थांबू नका.

चौथ्या दिवशी पिठलं आणि सकाळची भाकरी. भाकरी कडक झाली असेल तर कुस्करून कांदा, दाणे घालून फोडणीला टाका. मुलं आवडीने खातात. पाचव्या दिवशी, हिवाळा असेल तर, भरीत. यावल तालुक्यातल्या बामणोदकडची वांगी मिळाली तर उत्तमच. वांगी भाजली जाताहेत तोवर भाकरी थापून होतात. मुलांचा वाटा आधी बाजूला काढा, मिरची मागून घाला.

शेवभाजी, फुणके, वरण-बट्टी रविवारी करा. घाईच्या दिवशी तो घाट घालू नका. रोज दोन भाज्या, कोशिंबीर आणि गरम पोळ्या झाल्याच पाहिजेत, हा धाक मनातून काढून टाका. मुलाला वेळेवर मिळालेलं एकच ताजं अन्न पुष्कळ आहे.

कपाशी वेचायला जाणाऱ्या मायबहिणींना हे सगळं जमणार नाही, हे मला ठाऊक आहे. वेचणीच्या दिवसांत त्या अंधार पडताना घरी येतात आणि पोरं त्याआधीच शाळेतून आलेली असतात. तुम्ही सकाळीच दुरडीत भाकरी, डब्यात दाण्याची चटणी आणि गूळ मुलांच्या हाताला येईल असं ठेवून जा. लहान पोरांना गॅस पेटवायला लावू नका. आणि शेजारच्या आजींना माझी हात जोडून विनंती आहे, की त्या पोरांना ओसरीवर बोलावून भाकरीवर थोडं तेल-चटणी किंवा वाटीभर ताक तेवढं द्या.

शेवटी बाबांना. मुलांच्या पोटाची काळजी बाईनेच घ्यायची, असं अमळनेरच्या माणसाने तरी म्हणू नये. १९२४ साली साने गुरुजी इथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आले. छात्रालयाची जबाबदारी अंगावर घेऊन त्यांनी परक्यांच्या मुलांचं आईच्या मायेने केलं, त्यांच्या आजारपणात सेवा केली. आपल्याला तर आपल्याच मुलांना वाढायचं आहे. बायको मुलांना आणायला गेली असेल तर तुम्ही कुकर लावा. तुम्ही आणायला जात असाल तर येताना टपरीपाशी गाडी थांबवू नका. डाळ-तांदूळ धुवायला, लसूण सोलायला, धिरडं उलटायला पुरुषाचे हातही चालतात. मुलगे ते बघून शिकतील, हा वेगळाच लाभ.

येत्या सोमवारपासून सुरुवात करा. रविवारी कळण्याचं दळण आणा, पाच दिवसांचे पदार्थ कागदावर लिहून फ्रिजवर किंवा डब्यांच्या फळीवर चिकटवा आणि कोणता दिवस कोणाचा तेही त्यातच लिहा. शुक्रवारपर्यंत नेटाने करा. मूल पोटभर जेवून वेळेवर झोपतंय आणि सकाळी उठताना कुरकुरत नाही, हे तुम्हालाच दिसेल. मग हा कागद शेजारच्या घरीही द्या.