लेकरू जेवत नाही, हा गुन्हा कुणाचा?

मूल जेवेना झाले की आपल्याकडे चौकशी होते ती आईची. मुलाला बरे नाही का, दिवसभरात त्याच्या पोटात काय गेले, ताटात काय वाढले आहे, हे नंतर. आधी बोल आईला. "लेकराला काही खाऊ घालतीस का नुसती हिंडतीस?" हे वाक्य नांदेड-लातूरकडच्या किती घरांतून ऐकू येते त्याची गणती नाही. सासू बोलते, नवरा बोलतो, शेजारीण बोलते. अंगणवाडीत वजन घेताना काटा पुढे सरकला नाही तर तिथेही सगळे आईकडेच पाहतात. पोराच्या बरगड्या दिसल्या की आईचा गुन्हा शाबीत झाला. बापावर मात्र कधी आरोपही ठेवला जात नाही.

महिला मंडळांच्या बैठकांत हा विषय निघतो तो बहुधा शेवटी, दारू, रेशन, कर्ज हे 'मोठे' विषय संपल्यावर. "ताई, पोरगं भाजी तोंडात घेईना. काय करावं?" आणि आपण कार्यकर्त्यासुद्धा एखादी कृती सांगून मोकळ्या होतो. घरगुती बाब म्हणून हा प्रश्न बाजूला ठेवणे आता पुरे झाले. घरात 'नको' म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे आणि कुणाला नाही, हे रोज रात्री ताटावर ठरत असते. स्त्री-पुरुष विषमतेचा पहिला धडा मूल शाळेत नाही, जेवायला बसल्यावर शिकते.

रात्रीचे चित्र पाहा. दिवसभर सोयाबीन काढून किंवा निंदणी करून आलेली बाई हातपाय धुऊन चुलीपुढे बसते. भाकरी, वरण किंवा पिठले आणि मिळाली तर करडईची, अंबाडीची, तांदुळजाची भाजी. मुलगा ताट सरकवतो. "मला भाकरी नको, पोळी पाहिजे." मग पोळी होते. पीठ नसेल तर दुकानातून पाच रुपयांचे कुरकुऱ्याचे पाकीट येते. त्याच ओळीत बसलेल्या त्याच्या बहिणीने भाजी नको म्हटले तर उत्तर तयार असते: "पोरीच्या जातीला एवढे नखरे बरे नव्हं. उद्या सासरी मिळंल ते खावं लागंल." सगळ्यांचे झाल्यावर आई बसते. टोपल्यात उरलेली, कधी सकाळची भाकरी, भांड्याला लागलेले कालवण. तिला काय आवडते, हे तिच्या मुलांना विचारून पाहा. बहुतेक मुलांना सांगता येणार नाही. तिने कधी काही नको म्हटलेले त्यांनी ऐकलेलेच नसते.

म्हणजे एका घरात तीन प्रकारचे 'नको' असतात. मुलाचे 'नको' हा हुकूम. मुलीचे 'नको' हा नखरा. आणि आईचे 'नको' जन्मालाच येत नाही. किशोरींच्या शिबिरात आपण शिकवतो की नको म्हणजे नको. पण ज्या मुलीचे साध्या घासाबाबतचे 'नको' दहा वर्षे कुणी ऐकले नाही, तिला एका शिबिरात ते कसे म्हणता येईल? आणि ज्या मुलाच्या प्रत्येक 'नको'साठी एक बाई उठून चुलीपुढे गेली, त्याला पुढे बायकोचे 'नको' ऐकू येईल, ही आशा कशाच्या जोरावर धरायची?

या ताटाचा हिशेब सरकारी आकड्यांतही दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील १०० मुलांपैकी ३५ मुलांची वाढ खुंटलेली आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आहे. १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण ५४.२ टक्के, तर त्याच वयाच्या पुरुषांत सुमारे २२ टक्के. पाळी आणि बाळंतपणे यामुळे बाईचे रक्त जास्त खर्च होते हे खरे. म्हणून तिला आधी आणि जास्त मिळायला हवे. आपल्याकडे तिला शेवटी आणि उरलेले मिळते. याच सर्वेक्षणात एक प्रश्न असतो: स्वयंपाक नीट केला नाही तर नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे का? देशाच्या आरोग्य सर्वेक्षणात हा प्रश्न विचारावा लागतो, यातच सगळे आले. म्हणून कुणी म्हणू नये की पोराच्या जेवणाचा आणि बाईच्या मारहाणीचा संबंध काय.

संबंध सरळ आहे. भाजीत मीठ कमी पडले म्हणून बाप ताट भिरकावतो. पोर शेजारी बसून पाहत असते. बाप भाकरीला नावे ठेवतो, पालेभाजीला 'गुरांचा चारा' म्हणतो, मटण किंवा ऑम्लेट मागतो. चार दिवसांनी पोर तेच शब्द बोलते, तसेच ताट सरकवते. बापाने केले तर तो पुरुषाचा राग, पोराने केले तर आईचे वळण वाईट! मूल भाजी खात नाही याचे एक मोठे कारण त्याच्या शेजारी मांडी घालून बसलेले असते, पण त्याला कुणी काही विचारत नाही.

आणि उपदेश मात्र सगळा आईला. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या उघडा: पालक कणकेत मळून पुऱ्या करा, गाजराची फुले कापा, दुधीचे कटलेट करा, मुलाला कळू न देता भाजी पोटात घाला. म्हणजे एक स्वयंपाक करून दमलेल्या बाईने आता दुसरा लपवाछपवीचा स्वयंपाक करावा! ज्या बाईला पाणी लांबून आणावे लागते आणि गॅसची टाकी पुरवून वापरावी लागते, तिला फुले कापायला वेळ कुठून आणायचा? या सगळ्या सल्ल्यांत 'वडिलांनो' अशी हाक कुठेच नसते. अंगणवाडीतही माता-बैठक असते. पिता-बैठक हा शब्दच आपल्या कानाला विचित्र लागतो, इतकी आपल्याला सवय झाली आहे.

दुसरा मार्ग जबरदस्तीचा. नाक दाबून घास कोंबायचा, काठी दाखवायची, पोलिसाची किंवा भुताची भीती घालायची. नाहीतर लाच द्यायची: भाजी संपव, मग चॉकलेट. हे करणारी बाई वाईट नसते, ती घाबरलेली असते. सासूने ताट बघायच्या आत ते रिकामे व्हायला हवे, एवढेच तिला दिसत असते. पण यातून साधत काही नाही. अमेरिकेतील संशोधक लिअन बर्च यांनी १९८० च्या दशकापासून लहान मुलांच्या आवडीनिवडीचा अभ्यास केला. त्यांना दिसले की नवी चव मुलाने स्वीकारायला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहून अधिक वेळा समोर यावी लागते. आणि बक्षीस देऊन खायला लावलेल्या पदार्थाची आवड वाढत नाही, उलट कमी होते. 'भाजी खा, मग चॉकलेट' म्हटल्यावर मूल एवढेच शिकते की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे सुख. तिथल्याच आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी एक साधी वाटणी मांडली: काय, कधी आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती, हे मुलाने ठरवावे. या वाटणीत 'मोठ्यांनी' म्हणजे फक्त आईने, असे कुठेही नाही.

हे परदेशातले सांगणे आपल्याला लागू पडत नाही असे वाटत असेल, तर आपल्या मातीतलाच दाखला घ्या. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडे आणि नांदेडच्या काही भागात माणसे शेतावर जातात. लातूरचे रस्ते त्या दिवशी ओस पडतात. घरी पालेभाजीला तोंड वाकडे करणारी पोरे ओले दाणे आणि भाज्या घातलेली भज्जी, उंडे, आंबील मागून मागून खातात. का? सगळे एकाच वेळी, एकच जेवण जेवतात. बाप, चुलते, पाहुणे तेच खातात आणि चवीने खातात. मागे लागून कुणी कोंबत नाही. अंगणवाडीच्या पंगतीत उसळ खाणारे मूल घरी त्याच उसळीला हात लावत नाही, त्याचेही कारण हेच. अर्थात वेळ अमावस्येची आदली रात्र बायका जागून काढतात, हेही विसरू नये. पंगत एकत्र झाली तरी चूल अजून एकटीचीच आहे.

ताटापलीकडचे गुन्हेगारही आहेत. आपल्या भागात खरिपाची ज्वारी मागे पडली आणि सोयाबीन आले. शेतात सोयाबीन आणि रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ, मग पोराच्या जिभेला भाकरी परकी झाली तर दोष कुणाचा? भाकरी म्हणजे गरिबी आणि पाकीट म्हणजे शहर, हे त्याला आईने शिकवलेले नाही, जाहिरातींनी शिकवले आहे. 

सरकारही आईसारखेच घास कोंबते आणि सासूसारखाच दोष देते. तीन वर्षांखालील मुलांसाठी घरी दिली जाणारी आहाराची पाकिटे मुले खात नाहीत, जनावरांपुढे टाकावी लागतात, अशी तक्रार बायका किती वर्षे करत आल्या. अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच बजावले होते. तरी महाराष्ट्रात २०१६ मध्ये निघालेल्या निविदांच्या अटी अशा होत्या की लहान बचतगट बाहेरच राहावेत. वैष्णोराणी महिला बचतगटाच्या प्रकरणात २६ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने त्या रद्द ठरवल्या. मूल कुठली चव ओळखते हे गावातली बाई जाणते, पण ठेका तिला मिळू नये अशी व्यवस्था केली होती. शाळेतल्या अंड्याचे तेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडे किंवा केळे देण्याचा निर्णय झाला. काही गटांनी अंड्याला विरोध केला. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्यासाठीचा जादा निधी बंद केला आणि लोकवर्गणीतून करा असे सांगितले. मुले जे आवडीने खातात ते बंद करायचे, आणि मग पोषण माहात आईला चौरस आहाराचे धडे द्यायचे!

यावर काही मैत्रिणी म्हणतील, जिथे दोन वेळचे मिळायची मारामार तिथे आवडीनिवडीची चैन कसली? पण गरीब घरातच मुलाचा दुसरा पदार्थ आईच्या आणि बहिणीच्या वाट्यातून जातो. पाच रुपयांचे पाकीट रोज आले तर महिन्याचे दीडशे रुपये झाले. तेवढ्यात लेकरांना आणि त्यांच्या आईला मिळून वीसेक अंडी येतात. दुसऱ्या म्हणतील, जबरदस्ती केली नाही तर लेकरू उपाशी मरेल. खेळते-हसते मूल एका रात्री कमी जेवले म्हणून आजारी पडत नाही. पण मूल सुस्त असेल, वजन वाढत नसेल, डोळे-नखे पांढरट दिसत असतील, तोंड आले असेल, जंत पडत असतील, तर ते 'नको' म्हणजे हट्ट नव्हे, ते दुखणे आहे. रक्तक्षयात भूकच मंदावते. अशा मुलाला मारायचे नसते, दवाखान्यात न्यायचे असते. आणि जेवणाआधी चहा-खारी देऊन भूक मारली असेल, तर आधी तो चहा बंद करावा.

मग आपण करायचे काय? घरात एकच स्वयंपाक, आणि तो सगळ्यांसाठी. मुलग्यासाठी वेगळी पोळी नाही, मुलीला वेगळा उपदेश नाही. नको असलेल्या भाजीचा एक घास दोघांच्याही ताटात रोज, पण खाल्लाच पाहिजे अशी सक्ती दोघांवरही नाही. आठवड्यातले काही दिवस तरी बापाने वाढायचे, पोरांशेजारी बसून तीच भाजी खायची आणि तिला नावे ठेवायची नाहीत. भाजी निवडायला, शेंगा सोलायला मुलगा-मुलगी दोघे. आणि आई पंगतीत, सगळ्यांबरोबर, गरम भाकरी खाताना दिसली पाहिजे. मुलाने आईला कधी आवडीने जेवताना पाहिलेच नाही, तर ते कुणाकडे बघून खायला शिकेल?

सासू-सासऱ्यांच्या घरात एकटी सून हे करू शकणार नाही, याची जाणीव आहे. म्हणूनच हे गटाने करायचे काम आहे. पुढच्या तीन महिन्यांत प्रत्येक मंडळाने निदान एका गावात अंगणवाडीतली माता-बैठक पालक-बैठक करून घ्यावी आणि बापांना नावानिशी बोलावणे धाडावे. बैठकीत मुलांच्या वजनाचा तक्ता आईच्या हातात न देता बापाच्या हातात द्यावा, आणि विचारावे: काल रात्री तुमच्या घरी कोण कधी जेवले, आणि शेवटी जेवणारीच्या वाट्याला काय आले? ग्रामसभेत अंड्याच्या निधीचा आणि घरपोच आहाराच्या दर्जाचा ठराव मांडावा. जिथे बाप येणार नाहीत तिथे ते का आले नाहीत, हे लिहून पाठवावे. तेही छापायला हवे.